पिशवीतला भरवशाचा दांडू

परीक्षेला जाताना तुम्ही कंपासपेटीत दोन-तीन पेने ठेवता. सगळ्यांत शाई सारखीच असते, सगळी एकाच दुकानातून आणलेली असतात. तरीही उत्तरपत्रिका समोर आली की हात एका ठरावीक पेनाकडेच जातो. ते घरी राहिले असेल, तर पहिला प्रश्न लिहून होईपर्यंत जिवाला चैन पडत नाही. क्रिकेट खेळणाऱ्याचे बॅटच्या बाबतीत आणि गोट्या खेळणाऱ्याचे नेमाच्या गोटीच्या बाबतीत असेच होते. मोठी माणसे हसून म्हणतात, “हे सगळे मनाचे खेळ!”

खरोखरच हे सगळे मनाचे खेळ असतात का? की त्या वस्तूतही काही असते? या प्रश्नाकडे नीट न पाहता मी एकदा एका विद्यार्थ्यावर अन्याय केला आहे. ती हकिकत शेवटी सांगेन. त्याआधी हा प्रश्न अभ्यासायला फार सोयीचा असा एक खेळ आपण पाहू. तो म्हणजे गोल्फ. या खेळात खेळाडू एक नव्हे, चौदा दांडू बरोबर घेऊन मैदानात उतरतो. त्यांतल्या काहींवर त्याचा पूर्ण भरवसा असतो आणि काहींना हात लावायलाही तो कचरतो. असे का व्हावे?

चौदा दांडू कशासाठी?

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडमधला खेळ. आपल्या देशात तो फार लवकर आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. खेळ समजायला सोपा आहे. विस्तीर्ण हिरवळीवर ठरावीक अंतरावर खळगे केलेले असतात. एका जागेवरून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत तो खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे झाले की एक फेरी पुरी होते. चेंडूचे वस्तुमान सुमारे ४६ ग्रॅम आणि व्यास सुमारे ४३ मिलिमीटर असतो. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान.

विटीदांडूत एक दांडू पुरतो, मग गोल्फला इतके कशाला? कारण प्रत्येक फटक्याचे काम निराळे असते. कधी चेंडू दोनशे मीटर लांब न्यायचा असतो, कधी झाडावरून पलीकडे टाकायचा असतो, कधी वाळूतून उचलायचा असतो, तर कधी हिरवळीवरून नुसता घरंगळत न्यायचा असतो. या दांडूंना इंग्रजीत ‘क्लब’ म्हणतात. आपण ‘दांडू’ हाच शब्द वापरू, म्हणजे सभासदांच्या क्लबाशी घोटाळा होणार नाही.

दांडूचे भाग दोन: लांब दांडी आणि तिच्या टोकाला असलेले डोके. डोक्याचा जो पृष्ठभाग चेंडूला लागतो, त्याला मुख म्हणू. हे मुख उभ्या रेषेशी किती अंशांनी मागे कललेले आहे, यावर चेंडू किती उंच जाणार हे ठरते. सर्वांत लांब फटक्यासाठी असलेल्या ड्रायव्हरच्या मुखाचा कल सुमारे १० अंश असतो. लोखंडी डोक्याच्या दांडूंना ‘आयर्न’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. क्रमांक वाढत जातो तसा कल वाढतो आणि दांडीची लांबी कमी होते. एक नंबरच्या आयर्नचा कल सुमारे १६ अंश, तर नऊ नंबरचा चाळिसाच्या पुढे असतो. वाळूतून चेंडू काढायच्या ‘वेज’चा कल सुमारे ५५ अंश असतो. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या ‘पटर’चे मुख मात्र जवळजवळ उभेच असते.

पूर्वी पिशवीत किती दांडू ठेवावेत यावर बंधन नव्हते. काही खेळाडू वीस-पंचवीस आणि त्याहूनही अधिक दांडू ठेवत. बिचाऱ्या हमालाच्या, म्हणजे ‘कॅडी’च्या खांद्यावर हा सगळा भार येई. अखेर अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९३८ साली आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील नियामक संस्थेने १९३९ साली चौदाची मर्यादा घातली. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला निवड करावी लागते: कोण पिशवीत राहणार आणि कोण घरी? ही निवड करताना खेळाडू गणित जितके करतो, तितकेच मनालाही विचारतो.

अर्ध्या सहस्रांश सेकंदाची भेट

दांडू चेंडूला लागतो त्या क्षणी काय घडते ते पाहू. चांगल्या व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचे डोके सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने येते. डोक्याचे वस्तुमान सुमारे २०० ग्रॅम धरू. टकरीत उसळीचा गुणांक ०.८ धरला, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमावरून असे सूत्र मिळते:

चेंडूचा वेग = डोक्याचा वेग × (१ + उसळीचा गुणांक) ÷ (१ + चेंडूचे वस्तुमान ÷ डोक्याचे वस्तुमान)

म्हणजे ५० × १.८ ÷ १.२३ = सुमारे ७३ मीटर दर सेकंदाला. ताशी हिशेब केला तर सुमारे २६० किलोमीटर! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र स्वतः काढून पाहावे.

चेंडूला मिळालेला संवेग ०.०४६ × ७३, म्हणजे सुमारे ३.४ एकक होतो. चेंडू आणि मुख एकमेकांना चिकटून असतात तो काळ फक्त सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद. ३.४ ला ०.०००५ ने भागले की सरासरी बल सुमारे ६,७०० न्यूटन येते. जवळजवळ ६८० किलोग्रॅमचे ओझे क्षणभर त्या चिमुकल्या चेंडूवर ठेवावे, तसे हे झाले.

आता दुसरी गोष्ट लक्षात घ्या. हाताला झालेल्या स्पर्शाची वार्ता मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोचायला सुमारे दोन शतांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चेंडू जवळजवळ दीड मीटर पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे फटका चुकला हे खेळाडूला कळते, तेव्हा काहीही सुधारण्याची वेळ टळून गेलेली असते. जे काय व्हायचे ते फटक्यापूर्वीच ठरते. म्हणूनच दांडू उचलताना मनाची आणि हाताची स्थिती कशी आहे, याला महत्त्व येते.

चूक किती लहान असली तरी चालत नाही याचाही हिशेब करू. खळगा तीन मीटरवर आहे. खळग्याची त्रिज्या ५४ मिलिमीटर. चेंडूचा मध्य खळग्याच्या कडेच्या आत यायला हवा, तर दिशेतली चूक ५४ ÷ ३००० = ०.०१८ रेडियन, म्हणजे सुमारे १ अंश एवढीच चालेल. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत एक अंश सरकतो. ते सरकणे आपल्याला दिसतही नाही! दोनशे मीटरच्या फटक्यात हीच एक अंशाची चूक चेंडूला साडेतीन मीटर बाजूला नेते. भीतीने मनगट किंचित आखडले तरी एक अंशाचा फरक सहज पडतो. तेव्हा भरवसा हा नुसता कवितेचा विषय नाही; तो अंशांत मोजला जातो.

नावडता दांडू

गोल्फ खेळणाऱ्यांत सर्वांत बदनाम झालेला दांडू म्हणजे एक नंबरचे आयर्न. ली ट्रेव्हिनो हा विनोदी स्वभावाचा अमेरिकन खेळाडू १९७५ साली शिकागोजवळच्या स्पर्धेत विजेच्या तडाख्यातून वाचला. पुढे तो गमतीने सांगत असे, की वादळात सापडलात तर एक नंबरचे आयर्न डोक्यावर धरा. तो दांडू देवालासुद्धा मारता येत नाही! (तुम्ही मात्र हा सल्ला मुळीच मानू नका. विजा चमकत असताना मोकळ्या मैदानात लांब दांडा हाती धरणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे.)

या भीतीला कारण आहे, आणि ते मनात नसून मुखाच्या कलात आहे. फटका बसताना चेंडू उलटा फिरू लागतो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे येतो. या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. फिरकीचा अक्ष आडवा असेल तर चेंडू सरळ जातो. अक्ष कलला तर चेंडू हवेत एका बाजूला वळतो. फुटबॉलपटू चेंडूला जी केळ्यासारखी वळणदार वाट देतो, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. आता समजा, खेळाडूच्या हातून मुख दोन अंश तिरके लागले. अक्षाचा कल साधारणपणे ‘तिरकेपणा भागिले मुखाचा कल’ या प्रमाणात असतो. नऊ नंबरच्या आयर्नचा कल ४४ अंश धरला, तर अक्ष सुमारे अडीच अंश कलतो. एक नंबरच्या आयर्नचा कल १६ अंश. तिथे अक्ष सुमारे सात अंश कलतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा स्पष्ट होतो. चूक तीच, हात तोच. पण शिक्षा जवळजवळ तिप्पट! शिवाय दांडी लांब, मुख अरुंद आणि चेंडू वर उचलायला डोक्याचा वेग भरपूर हवा. सामान्य खेळाडूला या दांडूची धास्ती वाटावी यात नवल ते काय?

पण गंमत पाहा. १९७२ साली अमेरिकेतल्या पेबल बीच येथील राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या दिवशी सतराव्या खळग्याशी जॅक निक्लॉसने समोरून वारा असताना हेच बदनाम एक नंबरचे आयर्न काढले. चेंडू खळग्यातल्या निशाणाच्या काठीवर आपटून खळग्याला अगदी लागून थांबला, आणि निक्लॉसने ती स्पर्धा जिंकली. दांडूचा प्रकार तोच. पण निक्लॉसच्या हातांत वेग होता आणि त्या दांडूचा वर्षानुवर्षांचा सराव होता. ‘हा दांडू चांगला’ आणि ‘हा दांडू वाईट’ ही दोन्ही विधाने त्यामुळे अपुरी ठरतात. दांडू आणि हात यांची जोडी जमते किंवा जमत नाही, असे म्हणणे अधिक योग्य.

पुढे अभियंत्यांनी अवघड आयर्नच्या जागी ‘हायब्रिड’ नावाचे दांडू आणले. त्यांच्या डोक्याचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे असतो, त्यामुळे चेंडू सहज वर उठतो. आज बहुतेक पिशव्यांतून एक नंबरचे आयर्न नाहीसे झाले आहे. खेळाडूंच्या भीतीवर इथे उपदेशाने इलाज झाला नाही, वस्तुमानाची जागा बदलल्याने झाला.

साखरेचे दोन ठोकळे

वस्तुमानाची जागा बदलण्याची हीच युक्ती पटरच्या बाबतीत कार्स्टन सोलहाइम या यांत्रिक अभियंत्याला सुचली. नॉर्वेत १९११ साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करी. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो गोल्फ खेळू लागला. लांबचे फटके बरे जात, पण खळग्याजवळ आल्यावर चेंडू हुलकावणी देई. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, “माझा हातच वाईट.” सोलहाइमने हाताआधी दांडूला जाब विचारला.

चेंडू मुखाच्या बरोबर मध्यावर लागला नाही, तर डोके दांडीभोवती पिळले जाते. ते किती पिळले जाईल हे डोक्याच्या जडत्व-आघूर्णावर अवलंबून असते. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितके आघूर्ण मोठे, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. सोलहाइमने आइसकांडीच्या काड्या आणि साखरेचे दोन ठोकळे घेऊन नमुना केला. ठोकळे मध्यभागी न ठेवता त्याने ते दोन टोकांना ठेवले. याच तत्त्वावरचा पटर त्याने १९५९ साली तयार केला. चेंडूला लागताना त्यातून ‘पिंग’ असा आवाज येई, म्हणून त्याचे नावच ‘पिंग’ पडले.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. एक फूटपट्टी घ्या. कणकेचे किंवा चिकणमातीचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे दोन गोळे करा. आधी ते पट्टीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरवर दाबून बसवा. पट्टी मध्यावर चिमटीत धरून झटक्याने इकडून तिकडे फिरवा. मग तेच गोळे मध्यापासून चौदा-चौदा सेंटिमीटरवर, टोकांजवळ लावा आणि पुन्हा फिरवा. वजन तेच, पण आता पट्टी वळायला कुरकुर करते. गोळ्यांपुरता हिशेब असा: पहिल्या वेळी २ × ५० × २ × २ = ४०० एकके; दुसऱ्या वेळी २ × ५० × १४ × १४ = १९,६०० एकके. म्हणजे ४९ पट!

असा दांडू हाती घेतल्यावर खेळाडूला ‘बरे वाटते’. का, ते त्याला सांगता येत नाही. पण फटका थोडा बाजूला बसला तरी चेंडू फारसा भरकटत नाही, हे त्याच्या हाताने अनेक वेळा अनुभवलेले असते. त्याचा भरवसा म्हणजे हाताने ठेवलेली हिशेबाची वहीच.

हाताची वही

ही वही किती बारकाईने लिहिली जाते, याची एक हकिकत गोल्फविषयीच्या लेखनात नेहमी वाचायला मिळते. बॉबी जोन्स हा अमेरिकेचा थोर हौशी खेळाडू. १९३० साली एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकून त्याने स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्या काळी दांड्या हिकरी नावाच्या लाकडाच्या असत. लाकूड ते लाकूड, दोन दांड्या कधी तंतोतंत सारख्या नसत. जोन्सने आपले दांडू केवळ हाताला कसे वाटतात यावरून निवडले होते. पुढे कित्येक वर्षांनी ते दांडू उपकरणांनी तपासले, तेव्हा एक सोडून बाकी सगळे एकमेकांशी उत्तम जुळले. आणि जो जुळला नाही, तोच दांडू जोन्सला कायम त्रास देत असे, असे सांगतात. एका खेळाडूची हकिकत म्हणजे प्रयोग नव्हे, तरीही ती आपल्याला चांगला प्रश्न विचारायला लावते: वाटणे आणि मोजणे एकमेकांशी जुळते का?

सरावाने हात शिकतो, तेव्हा आणखी एक बदल होतो. नवशिक्या सायकलस्वार हँडल, पायंडल, ब्रेक या सगळ्यांकडे लक्ष देतो. मुरलेला सायकलस्वार यांतल्या कशाचाच विचार करत नाही. उलट, भरभर जिना उतरताना ‘आता डावा पाय, आता उजवा’ असा विचार तुम्ही करू लागलात तर अडखळाल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सिआन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनुभवी गोल्फ खेळाडूंकडून पटरने चेंडू मारवून घेतले. एका वेळी त्यांना स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. दुसऱ्या वेळी खेळता खेळता आवाज ऐकून त्यांतला ठरावीक आवाज ओळखायला सांगितले. आवाजांकडे लक्ष असताना त्यांचे चेंडू अधिक अचूक गेले! मुरलेल्या हाताच्या कामात मनाने ढवळाढवळ केली की काम बिघडते.

भरवशाच्या दांडूचे काम इथे कळते. त्याच्याविषयी शंका नसते, म्हणून मन हाताला टोकत नाही. नावडता दांडू उचलला की मन पहारेकऱ्यासारखे हाताजवळ येऊन उभे राहते: “नीट धर, चुकू नकोस!” आणि मग तो एक अंशाचा फरक पडतोच.

नशिबाचा चेंडू

आतापर्यंत भरवशाची दोन मुळे सापडली: वस्तूचे गुण आणि हाताचा सराव. पण या दोहोंपैकी काहीही नसताना, ‘ही वस्तू भाग्याची आहे’ एवढ्या समजुतीने खेळ सुधारतो का?

जर्मनीत कोलोन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. २८ विद्यार्थ्यांना पटरने दहा-दहा चेंडू मारायला दिले. निम्म्यांना चेंडू देताना सांगितले, ‘हा चेंडू आतापर्यंत भाग्याचा ठरला आहे.’ उरलेल्यांना तसे काही सांगितले नाही. भाग्यवान गटाचे दहांपैकी सरासरी सुमारे ६.४ चेंडू आत गेले, दुसऱ्या गटाचे सुमारे ४.८. निकाल वाचून अनेकांना आनंद झाला. बघा, ताईत-गंडेही उपयोगी पडतात की!

पण विज्ञानाची रीत अशी आहे, की एकदा मिळालेले उत्तर पुन्हा मिळते का ते पाहावे लागते. अमेरिकेतील कॅलिन-जेगमन आणि कॉल्डवेल या दोघांनी हाच प्रयोग दोन वेळा, दर वेळी शंभरांहून अधिक जणांवर केला आणि २०१४ साली निकाल छापला. भाग्याचा चेंडू मिळालेले आणि साधा चेंडू मिळालेले, दोघेही जवळजवळ सारखेच खेळले. भाग्याचा प्रभाव दिसला नाही.

मग पहिल्या प्रयोगात फरक कसा दिसला? लबाडी झाली असे मुळीच समजू नका. थोड्या प्रयत्नांत योगायोगाचा खेळ फार मोठा असतो. एक नाणे दहा वेळा उडवा. पाच छापे अपेक्षित असताना सात किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १०२४ पैकी १७६ असते, म्हणजे जवळजवळ दर सहा खेपांना एकदा. पण तेच नाणे शंभर वेळा उडवले, तर सत्तर किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता लाखात सुमारे चार एवढीच उरते. माणसे आणि प्रयत्न जितके अधिक, तितकी योगायोगाला लपायला जागा कमी. ‘हे पेन वापरले त्या दिवशी पेपर चांगला गेला’ हे विधान किती वेळांच्या अनुभवावर उभे आहे, ते एकदा मोजून पाहा!

सात नंबरचे घड्याळ

आता कबूल केलेली हकिकत. वीसेक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात नुकताच शिकवू लागलो होतो. पदवीच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. एका मुलाला साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग आला. तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, मला सात नंबरचं घड्याळ मिळेल का?”

प्रयोगशाळेत चावीची दहा विराम-घड्याळे होती आणि त्यांच्या पाठीवर क्रमांक रंगवलेले होते. मी म्हणालो, “अरे, भौतिकशास्त्र शिकतोस आणि नंबर मागतोस? सगळी घड्याळं सारखीच.” आणि मुद्दामच त्याच्या हातात तीन नंबरचे दिले. मुलगा जागेवर गेला. त्याची वीस आंदोलनांची वाचने एकमेकांशी जुळेनात. त्याने ती पुन्हा घेतली, खोडली, पुन्हा घेतली. वेळ संपली. गुण कमी पडले.

परीक्षा संपल्यावर घड्याळे कपाटात ठेवता ठेवता प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “सर, तो पोरगा खोटं बोलत नव्हता. सातचं बटण हलकं आहे. बाकीच्यांची अडकतात.”

मी त्याच संध्याकाळी दहाही घड्याळे तपासली. एक मीटर लांबीच्या दोलकाची वीस आंदोलने, प्रत्येक घड्याळाने दहा-दहा वेळा. सुरू करताना आणि थांबवताना सारखाच उशीर झाला, तर तो वजाबाकीत निघून जातो. पण ही बटणे कधी पहिल्या दाबाला अडकत, कधी दुसऱ्या. सात नंबरची वाचने एक-दोन दशांश सेकंदांच्या आत राहिली. तीन नंबरची चार दशांशांपर्यंत हलली. चाळीस सेकंदांत चार दशांश म्हणजे एक टक्का चूक. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने गुरुत्वत्वरणात ती दोन टक्के होते. मुलाचा हात ते वर्षभर जाणत होता. त्याला शब्दांत सांगता येत नव्हते एवढेच. आणि मी, मोजमापाचे शास्त्र शिकवणारा, न मोजताच ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळा झालो होतो. गुणपत्रक तोवर पुढे गेले होते. पुढच्या आठवड्यात सगळी बटणे दुरुस्त करून घेतली. त्या मुलाला बोलावून मी त्याची चूक नव्हती हे सांगितले. त्यापलीकडे माझ्या हाती काही उरले नव्हते.

तुम्हीही तपासा

तेव्हा कोणी म्हणाले, “मला हीच बॅट हवी,” तर हसूही नका आणि मानही डोलावू नका. तपासा. तुमच्या वर्गात असा प्रयोग करता येईल. एका रंगाचे, एका जातीचे दोन रबरी चेंडू घ्या. एकावर अगदी बारीक खूण करा. कोणता कोणता हे फक्त वहीत नोंद करणाऱ्याला माहीत असू द्या. तीन मीटरवर बादली ठेवा. ‘माझा चेंडू चांगला’ असे म्हणणाऱ्या मित्राला प्रत्येक चेंडूने पन्नास-पन्नास फेका करायला द्या. कोणता चेंडू कधी द्यायचा ते नाणे उडवून ठरवा. पन्नासांत दोन-चारांचा फरक आला तर तो योगायोग समजा. फरक मोठा आला तर प्रयोग पुन्हा करा. पुन्हाही तोच निकाल आला, तर चेंडू तराजूत घाला, उसळी मोजा, कारण शोधा.

शिक्षकांनाही एक विनंती. विद्यार्थ्याला एखादे उपकरण हवेसे किंवा नकोसे वाटत असेल, तर ती तक्रार उपकरणाची तपासणी करण्याची सूचना समजावी. कारण सापडले तर उपकरण सुधारेल; नाही सापडले तर विद्यार्थ्याची समजूत सुधारेल. दोन्हींत नफाच आहे.

आणि परीक्षेतल्या पेनाचे काय? त्याच पेनाने वर्षभर लिहिले असेल, तर ते अवश्य न्या. त्याची निब आणि तुमची बोटे एकमेकांना ओळखतात. मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी ‘भाग्याचे’ म्हणून नवे कोरे पेन हाती दिले, तर त्यांचे आभार माना आणि आपले जुनेच पेन बरोबर न्या.